'तुम्ही पृथ्वीचे मीठ आहा': ऐकणाऱ्यांना तेव्हा काय ऐकू आलं असेल?

रानजाई
बायबलात मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातलं तेरावं वचन बहुतेकांना तोंडपाठ असतं. "तुम्ही पृथ्वीचे मीठ आहा, पण मिठाचा खारटपणाच गेला तर त्याला खारटपणा कशाने आणता येईल?" ह्यावरचे उपदेश साधारण दोन वाटांनी जातात. एक, मीठ चव आणतं, तशी आपण भोवतालच्या जगण्याला चव आणावी. दोन, मीठ नासू देत नाही, तसं आपण समाजाला नासू देऊ नये. दोन्ही मला मान्य आहेत. पण येशूसमोर डोंगरावर बसलेल्या यहुदी माणसाला मीठ म्हटल्यावर तिसरं काहीतरी आधी आठवलं असणार असं मला राहून राहून वाटतं, आणि ते म्हणजे वेदी.

लेवीय २:१३ काढून बघा. प्रत्येक अन्नार्पणाला मीठ लावायचं, 'आपल्या देवाच्या कराराचं मीठ' कमी पडू द्यायचं नाही, अशी सक्त आज्ञा आहे. गणना १८:१९ मध्ये अहरोनाच्या घराण्याला दिलेल्या वचनाला 'मिठाचा करार' म्हटलंय. दावीदाच्या घराण्याला राज्य दिलं तेही मिठाच्या करारानं, असं २ इतिहास १३:५ म्हणतं. म्हणजे मीठ ही न मोडणाऱ्या शब्दाची खूण आहे. मग 'तुम्ही मीठ आहा' ह्याचा अर्थ 'देवानं पृथ्वीला दिलेल्या शब्दाची खूण तुम्ही आहा' असा घ्यायला काय हरकत आहे?

दोन प्रश्न आहेत. हे फार ओढूनताणून होतंय का? आणि दुसरा सगळ्यांनाच पडणारा प्रश्न, मिठाचा खारटपणा जातो कसा? मनापासून उत्तरं हवी आहेत, वाद घातलात तरी चालेल.

पानगळ
वाचनखूण साठवली आहे. प्रतिसाद वाचायला परत येते.

खडूफळा
दुसरा प्रश्न माझ्या विषयातला, म्हणून तो घेतो.

शुद्ध मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, हे अतिशय टिकाऊ संयुग आहे. ठेवून ठेवून त्याचा खारटपणा जात नाही. पण येशूच्या काळात त्या भागात जे वापरत त्याला आजच्या अर्थानं शुद्ध मीठ म्हणता येणार नाही. मृत समुद्राच्या पाण्यात सुमारे ३४ टक्के क्षार असतात (महासागरात साधारण ३.५ टक्के), आणि त्यात मॅग्नेशियम क्लोराइडचं प्रमाण मोठं आहे. काठावर पाणी आटून जो थर उरतो त्यात हे सगळे क्षार, जिप्सम आणि माती एकत्र येतात. शेजारच्या सदोम पर्वतातलं खनिज मीठसुद्धा असंच जिप्सम आणि चिकणमातीच्या संगतीत असतं. असा ढीग दमट जागी राहिला किंवा त्यावर पाणी पडलं की सोडियम क्लोराइड आधी विरघळून निघून जातं, कारण जिप्सम त्याच्या मानानं फारच कमी विरघळतं. मागे राहतं ते दिसायला तसंच पांढरं, पण जिभेवर ठेवलं तर खडूसारखं बेचव.

तेव्हा वचनातलं चित्र अशक्य नाही. आणि 'दिसायला तसंच' हा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. ते मीठ बघून कुणालाच कळणार नाही की आतलं निघून गेलंय.

तिसरा_प्रहर
@खडूफळा, रसायनशास्त्र चोख आहे, पण त्यानं वचनाची धार बोथट होते असं माझं मत.

येशू मुद्दामच अशक्य गोष्ट सांगतोय असं मी वाचतो. सुईच्या नाकातून उंट, डोळ्यात मुसळ, ही त्याची बोलण्याची रीतच आहे. मीठ अळणी होणं म्हणजे पाणी कोरडं होणं. ऐकणारा चमकला पाहिजे की 'हे कसं शक्य आहे?' आणि मग त्याच्या लक्षात यावं की जे शक्यच नाही ते माणसाच्या बाबतीत होतं.

तालमुदात (रब्बी म्हणजे यहुदी धर्मगुरू, त्यांच्या चर्चांचा ग्रंथ; बखोरोत ८ब) एक गोष्ट आहे. रब्बी यहोशुआ बेन हनन्या ह्यांना अथेन्सचे ज्ञानी लोक कोडी घालतात. त्यातलं एक: मीठ नासलं तर ते कशानं खारवायचं? रब्बी म्हणतात, खेचरीच्या वारेनं. ते विचारतात, खेचरीला कुठे वार असते? रब्बी म्हणतात, मग मीठ तरी कुठे नासतं? (खेचरी वांझ असते, म्हणून.) हे रब्बी पहिल्या शतकाच्या अखेरीचे आणि दुसऱ्याच्या सुरुवातीचे. म्हणजे मीठ नासत नाही हे त्या काळच्या माणसांना पक्कं ठाऊक होतं.

मुक्कामपोस्ट
खेचरीची गोष्ट जबरदस्त आहे! पुढच्या बायबल अभ्यासाला कुणी मला कोड्यात टाकलं की हेच उत्तर देणार.

खडूफळा
@तिसरा_प्रहर, तालमुदातली गोष्ट माहीत नव्हती, आवडली. पण कोडं चालायचं असेल तर प्रश्न आधी लोकांच्या तोंडी असायला हवा. मीठ नासल्याची तक्रार कुणीतरी करत असल्याशिवाय 'मीठ कुठे नासतं' ह्या उत्तराला मजा येत नाही. आणि वचनाचा उरलेला भाग बघा. ते बाहेर टाकतात, पायाखाली तुडवतात. हे अशक्य गोष्टीचं वर्णन वाटत नाही, रोज बघितलेल्या गोष्टीचं वाटतं.

चंद्रकोर
रानजाईताई, वेदीचा अर्थ सुंदर आहे, पण मला तो मत्तयात दिसत नाही. तिथे यज्ञ नाही, याजक नाही. 'वेदीचे मीठ' असं तो म्हणत नाही, 'पृथ्वीचे' म्हणतो. आणि हेच वचन लूक १४:३५ मध्ये आलंय तिथे काय आहे? नासलेलं मीठ जमिनीच्या उपयोगी नाही आणि उकिरड्याच्याही नाही. हे बोलणं शेतकऱ्यांचं आणि कोळ्यांचं आहे.

ऐकणारे कोण होते बघा. पेत्र, अंद्रिया, याकोब, योहान, चौघंही मासे धरणारे. गालील समुद्राच्या काठी तारिखेया नावाचं गाव होतं, तिथले मासे खारवायला उत्तम असतात असं स्त्राबो ह्या ग्रीक भूगोलकारानं लिहून ठेवलंय. बरेच अभ्यासक हे गाव म्हणजेच मग्दाला मानतात. ह्या माणसांचे हात मिठानं भरलेले असत. सकाळी आलेली मासळी दुपारच्या उन्हाच्या आत मिठात गेली नाही तर संपली. त्यांना 'तुम्ही मीठ आहा' म्हटल्यावर मंदिरातली वेदी आठवली असेल का? मला वाटतं मासळीची टोपली आठवली असेल. मंदिर तिथून तीन-चार दिवसांच्या वाटेवर, टोपली रोजची.

दीपमाळ
वेदी की टोपली ह्याआधी मला एक वेगळी गोष्ट सांगायची आहे, जी बहुतेक उपदेशांत निसटते. तेराव्या वचनाच्या लगेच आधी काय आहे? अकरा आणि बारा. माझ्यामुळे लोक तुमची निंदा करतील, छळ करतील, तेव्हा आनंद करा. तुमच्या आधीच्या संदेष्ट्यांचाही असाच छळ झाला. तोपर्यंतची वचनं 'जे दीन ते धन्य', 'जे सौम्य ते धन्य' अशी तिसऱ्या पुरुषात आहेत. अकराव्या वचनापासून येशू थेट समोरच्यांकडे वळून 'तुम्ही' म्हणतो आणि त्याच दमात पुढे म्हणतो, तुम्ही पृथ्वीचे मीठ आहा.

म्हणजे हे मानपत्र नव्हे. ज्यांना शिव्या खाव्या लागणार आहेत त्यांना हे सांगितलंय. आणि खारटपणा जाण्याचं कारणही तिथेच आहे: छळ टाळण्यासाठी माणूस हळूहळू भोवतालच्यांसारखा होत जातो.

चौथ्या शतकातले धर्मगुरू योहान ख्रिसोस्तोम ह्यांनी मत्तयावरच्या प्रवचनांत एक फरक केलाय, तो मी कधी विसरत नाही. नासलेलं पुन्हा ताजं करणं मिठाला जमत नाही. ते काम ख्रिस्ताचं. त्यानं वाचवलेलं पुन्हा नासू नये म्हणून झटणं हे शिष्यांचं काम. ह्यानं केवढं ओझं उतरतं! जगाचं तारण आपल्या डोक्यावर नाही.

आणि डीट्रिख बॉनहॉफर ह्या जर्मन पाळकांनी दाखवलेली गोष्ट: येशू 'मीठ व्हा' म्हणत नाही, 'तुमच्याजवळ मीठ आहे' असंही म्हणत नाही, 'तुम्ही आहा' म्हणतो. नाझी राजवटीला विरोध केला म्हणून ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनबुर्गच्या छळछावणीत त्यांना फाशी दिलं. त्यांच्या हातून हे वाक्य वाचताना ते वेगळं लागतं.

पानगळ
@दीपमाळ, +१. अकरा-बारा-तेरा असं सलग कधी वाचलंच नव्हतं, कारण आमच्या वाचनपाठात तेरापासून नवा परिच्छेद सुरू होतो.

साधा_वाचक
मी ख्रिस्ती नाही, पण धागा पहिल्यापासून वाचतोय. एक शंका. खारवलेला पदार्थ टिकतो हे ठीक, पण मीठ जमीन नापीकही करतं. मग 'पृथ्वीचे मीठ' हे ऐकायला धमकीसारखं नाही का वाटत?

मुक्कामपोस्ट
@साधा_वाचक, अगदी बरोबर जागी बोट ठेवलंत. बायबलात ती बाजूही भरपूर आहे. शास्ते ९:४५ मध्ये अबीमलेख शखेम नगर पाडतो आणि त्यावर मीठ पेरतो. अनुवाद २९:२३ मध्ये शापित भूमीचं वर्णन गंधक आणि मीठ असंच आहे, जिथे पेरणी होत नाही, काही उगवत नाही. आणि लोटाची बायको तर सगळ्यांना माहीत आहे, मागे वळून पाहिलं आणि मिठाचा खांब झाली (उत्पत्ती १९:२६). योसेफस हा पहिल्या शतकातला इतिहासकार लिहितो की तो खांब मी स्वतः पाहिलाय. सदोम पर्वताच्या उतारावर असे सुळके आजही आहेत आणि त्यातला एक लोटाची बायको म्हणून दाखवतात.

(अवांतर: बिचारीचं नावसुद्धा कुणी लिहून ठेवलं नाही, आणि तरी लूक १७:३२ मध्ये येशू म्हणतो, लोटाच्या बायकोची आठवण करा.)

उंबरठा
अवांतर मुळीच नाही. मागे वळणं आणि मीठ ह्यांचा संबंध लूकानं मनात ठेवला असणार. पण मला दुसऱ्या टोकाची गोष्ट सांगायची आहे: अलीशा संदेष्टा. २ राजे २:१९ ते २२. यरीहोचे लोक म्हणतात, नगराची जागा चांगली आहे पण पाणी वाईट आहे आणि जमिनीत काही तग धरत नाही. अलीशा नवं भांडं मागवतो, त्यात मीठ घालायला सांगतो, झऱ्यापाशी जाऊन ते पाण्यात टाकतो आणि पाणी बरं होतं. मिठानं गोडं पाणी बिघडतं, हे लहान मुलालाही कळतं. इथे नेमकं उलटं होतं, मारणाऱ्या वस्तूनं जीव येतो. @साधा_वाचक, तुमच्या शंकेचं उत्तर मला इथे दिसतं. मीठ दोन्ही करू शकतं, ते कुणाच्या हातात आहे ह्यावर ठरतं.

मी कॅथलिक, म्हणून आणखी एक भर. पूर्वीच्या रोमन विधीत बाप्तिस्म्याच्या वेळी आशीर्वादित मिठाचे कण बाळाच्या जिभेवर ठेवत आणि फादर म्हणत, ज्ञानाचे मीठ घे. ही चाल फार जुनी. संत ऑगस्टिन आपल्या आत्मकथनात सांगतात की आईच्या पोटातून आल्यापासूनच माझ्यावर क्रुसाची खूण केली जाई आणि मला त्याचं मीठ लावलं जाई. १९६९ च्या नव्या विधीत बालकांच्या बाप्तिस्म्यातून हे मीठ गेलं, जुना विधी जिथे चालतो तिथे ते अजून आहे. पवित्र पाण्यात आशीर्वादित मीठ घालण्याची मुभा मात्र अजूनही आहे.

पानगळ
@उंबरठा, यहेज्केल १६:४ मध्ये जन्मलेल्या बाळाला मीठ चोळण्याचा उल्लेख आहे ना? त्याच्याशी ह्याचा संबंध असेल का?

उंबरठा
तो उल्लेख आहे, पण बाप्तिस्म्यातलं मीठ तिथूनच आलं असं मी म्हणणार नाही. यहेज्केलातली ओळ मात्र हृदय हलवणारी आहे. यरुशलेमला देव म्हणतो, तू जन्मलीस तेव्हा तुझी नाळ कुणी कापली नाही, तुला पाण्यानं धुतलं नाही, मीठ चोळलं नाही, बाळंत्यात गुंडाळलं नाही. टाकून दिलेल्या मुलीचं वर्णन आहे ते. म्हणजे मीठ चोळणं ही 'हे मूल आम्हाला हवं आहे' अशी खूण होती.

शांतवन
सगळे मत्तयावर थांबलेत. रानजाई, तुमच्या मुद्द्याचं खरं उत्तर मार्कात आहे असं मला वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मार्क ९:५० चा शेवट असा: "तुम्ही आपणांमध्ये मीठ असू द्या व एकमेकांबरोबर शांतीने राहा." मिठाचा आणि शांतीचा काय संबंध? चव किंवा टिकवणं घेतलं तर काहीच संबंध लागत नाही. करार घेतला की लगेच लागतो. मीठ म्हणजे एका पंक्तीला बसून बांधलेलं नातं. एज्रा ४:१४ मध्ये अधिकारी राजाला लिहितात की आम्ही राजवाड्याचं मीठ खातो, म्हणून राजाचा अपमान आम्हाला बघवत नाही. खाल्ल्या मिठाला जागणं आपल्याला वेगळं समजावून सांगायला नको. तेव्हा 'आपणांमध्ये मीठ असू द्या' म्हणजे एकमेकांना दिलेल्या शब्दाला जागा, आणि म्हणून शांतीनं राहा.

आता मागे जाऊन अध्याय ३३ व्या वचनापासून वाचा. कफर्णहूमात घरी आल्यावर येशू विचारतो, वाटेत कशाबद्दल वाद घालत होता? सगळे गप्प, कारण वाद होता की आपल्यात मोठा कोण. मग योहान सांगतो की एक जण तुझ्या नावानं भुतं काढत होता, तो आपल्यातला नाही म्हणून आम्ही त्याला मना केलं. हे सगळं भांडण जिथे संपतं तिथे मीठ येतं.

एकदा आमच्या मंडळीच्या बैठकीत समितीवर कोणाला घ्यायचं ह्यावरून आवाज चढले होते. दोघं जण तर कित्येक महिने एकमेकांशी बोलत नव्हते, निरोप तिसऱ्याकडून जायचे. सगळ्यांत वयस्कर सभासद उठले. त्यांनी चष्मा लावला, मार्क ९ काढला आणि ३३ पासून ५० पर्यंत सावकाश वाचलं. मध्ये टिप्पणी नाही, शेवटी प्रार्थनाही नाही. वाचून झाल्यावर चष्मा पुसून खिशात ठेवला आणि बसले. तेवढ्यानं भांडण मिटलं नाही. पण त्या दोघांतला एक जण दुसऱ्याकडे बघून म्हणाला, "तुमचं बोलून होऊ द्या, मग मी बोलतो." त्या खोलीत इतक्या दिवसांत ते पहिलं थेट वाक्य होतं. तेव्हापासून मला मीठ म्हणजे हेच वाटतं.

रानजाई
@शांतवन, मनापासून आभार. मला जे म्हणायचं होतं ते तुमच्या प्रसंगात पूर्ण आलंय.

@चंद्रकोर, तुमचा मुद्दा टोकदार आहे. पण टोपली आणि वेदी एकमेकांपासून तितक्या लांब नव्हत्या. मंदिराच्या अंगणात मिठाची स्वतंत्र खोली होती, मिश्नात (यहुदी धर्मनियमांचा जुना संग्रह; मिद्दोत ५:३) तिचा उल्लेख आहे. अंतियुख तिसरा ह्या राजानं मंदिराला जे सामान द्यायचं फर्मान काढलं त्यात ३७५ मेदिम्न (मेदिम्न हे ग्रीक माप) मीठ आहे, हे योसेफस नोंदवतो. एवढं मीठ लागायचं. गालीलातले लोक सणांना यरुशलेमला जात आणि अर्पणं आणत. शिवाय मार्क ९:४९ मध्ये 'प्रत्येक जण अग्नीनं खारवला जाईल' असं आहे, आणि कित्येक जुन्या हस्तलिखितांत त्याला 'प्रत्येक यज्ञ मिठानं खारवला जाईल' हे जोडलंय. म्हणजे फार आधीपासून वाचणाऱ्यांना मीठ आणि यज्ञ एकत्र दिसत होते.

साधा_वाचक
'अग्नीनं खारवला जाईल' म्हणजे काय? मी तीनदा वाचलं, डोक्यात शिरत नाही.

तिसरा_प्रहर
@साधा_वाचक, काळजी करू नका, ह्या वचनावर विद्वानांचंही एकमत नाही. मला पटणारा अर्थ सांगतो. अर्पण वेदीवर जातं तेव्हा त्याला मीठ लागतं आणि आग लागते. शिष्याचं आयुष्यच अर्पण आहे, तर त्याला जे दुःख आणि कसोट्या भोगाव्या लागतील तेच त्याचं मीठ. आग जाळते, पण इथे ती टिकवणारी आग आहे. मघाशी @दीपमाळ ह्यांनी छळाबद्दल जे लिहिलं त्याला हे जाऊन मिळतं.

आणि हो, रानजाई, ह्या वचनापुरता मी वेदीच्या बाजूनं आहे. मत्तयात मात्र नाही!

मुक्कामपोस्ट
मिश्नाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. एरुविन १०:१४ मध्ये लिहिलंय की वेदीकडे जाणाऱ्या उतारावर याजक घसरू नयेत म्हणून मीठ पसरायची परवानगी होती. म्हणजे मंदिरातच मीठ पायाखाली तुडवलं जात होतं! 'पायाखाली तुडवले जावे' ह्यावर मी ह्यापुढे वेगळा विचार करणार. खडूफळा सरांचं बेचव मीठ तिथे पसरत असतील का, हा माझा अंदाज, त्यावर कुणी विसंबू नये.

खडूफळा
घसरण थांबवायला खडबडीत काहीही चालेल, त्यामुळे अंदाज रसायनशास्त्राच्या विरोधात जात नाही. :)

चंद्रकोर
मंदिराला ३७५ मेदिम्न मीठ मिळालं ते राजाच्या फर्मानानं, हे लक्षात घ्या. सामान्य माणसाच्या मिठावर कर होता. १ मक्काबी १०:२९ मध्ये देमेत्रिय राजा यहुद्यांना आपल्या बाजूला वळवण्यासाठी जी आमिषं दाखवतो त्यात मिठावरच्या करातून सूट आहे. कर माफ करणं हे आमिष होऊ शकतं तेव्हा तो कर डाचत असणारच. म्हणून मी पुन्हा म्हणते, मीठ म्हटल्यावर गरिबाला आधी त्याची गरज आणि त्याचं मोल आठवतं. ईयोब ६:६ मध्ये ईयोब विचारतो, मिठाशिवाय बेचव अन्न खाववेल का? एवढं साधं आहे ते. येशू ज्यांना 'दीन' म्हणतो त्यांनाच 'तुम्ही मीठ आहा' म्हणतो, म्हणजे ज्या वस्तूवाचून कुणाचंच चालत नाही ती तुम्ही आहात. गरीब, बिनमहत्त्वाच्या माणसांना असं त्याआधी कोण म्हणालं होतं? हा अर्थ मी करारासाठी सोडणार नाही.

दीपमाळ
@चंद्रकोर, हे फार सुंदर लिहिलंत.

पानगळ
पौलाबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. त्याच्या पत्रात, कलस्सैकरांस ४:६: तुमचं बोलणं नेहमी कृपायुक्त, मिठानं रुचकर केल्यासारखं असावं. ह्या वचनाचा आधार घेऊन लोक फटकळ बोलतात हे मी अनेकदा ऐकलंय. 'खरं बोललो, मीठ लावून बोललो' म्हणतात. दुःखात असलेल्या माणसाला तोंडावर पाप सुनावणं म्हणजे मीठ नव्हे, ते जखमेवर मीठ चोळणं झालं. पौल आधी 'कृपायुक्त' म्हणतो आणि वचन संपताना कारण देतो, प्रत्येकाला कसं उत्तर द्यावं हे तुम्हाला समजावं म्हणून. समोरचा माणूस कोण आहे हे पाहिल्याशिवाय मिठाचं प्रमाण ठरत नाही.

आमच्या घरात मृत्यू झाला तेव्हा भेटायला आलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी वचनं सांगितली, देवाची इच्छा समजावली. एक बाई आल्या, शेजारी बसल्या आणि विचारलं, "शेवटचं काय बोलल्या त्या?" मी सांगत गेले, त्या ऐकत गेल्या. मिठानं रुचकर केलेलं बोलणं म्हटलं की मला तो एक प्रश्न आठवतो.

तिसरा_प्रहर
@पानगळ, सहमत, पण पूर्ण नाही. मीठ झोंबतं हेही खरं आहे आणि ख्रिसोस्तोमांनी तेही सांगितलंय. शिष्यांनी लोकांची खुशामत करू नये, चुकीला चूक म्हणावं, त्यानं कुणाला झोंबलं तरी. दीपमाळ म्हणतात तो छळ येतो तो ह्याचमुळे. नुसतं हवंहवंसं बोलणाऱ्यांचा छळ कोण करेल?

पानगळ
@तिसरा_प्रहर, झोंबेल तेव्हा झोंबू दे. पण ज्याला झोंबायला हवं तो बहुतेक वेळा बलवान असतो आणि आपण मीठ लावतो ते दुबळ्याला, माझी तक्रार एवढीच आहे.

तिसरा_प्रहर
ह्यावर मात्र शंभर टक्के सहमत.

उंबरठा
चित्रं बघणाऱ्यांसाठी: मिलानमधल्या लिओनार्दोच्या शेवटच्या भोजनाच्या भित्तिचित्रात यहुदाच्या हाताशी मिठाचं भांडं कलंडलेलं आहे. मूळ चित्र इतकं खराब झालंय की तिथे नीट कळत नाही, पण त्याच्या जुन्या नकलांत ते स्पष्ट दिसतं. एका पंक्तीला बसून शब्द मोडणाऱ्याच्या हातून मीठ सांडतं. @शांतवन, तुमच्या एज्राच्या वचनाचं हे चित्रच म्हणायचं.

रानजाई
मूळ प्रश्नाकडे परत येते, कारण काल रात्री यहेज्केल ४७ वाचताना एक ओळ सापडली. मंदिराच्या उंबरठ्याखालून पाणी निघतं, नदी होते, पूर्वेला वाहत मृत समुद्रात जाते आणि तो समुद्र बरा होतो. त्यात मासे होतात, कोळी काठावर जाळी वाळत घालतात. सगळं गोडं झालं असं वाटत असतानाच अकरावं वचन म्हणतं, पण त्याच्या दलदली आणि डबकी बरी होणार नाहीत, ती मिठासाठी राखून ठेवलेली आहेत.

सगळा समुद्र बरा होतोय तर थोडं खारं कशासाठी राखायचं? पुष्कळ भाष्यकार म्हणतात, मंदिराच्या अर्पणांना मीठ लागणार म्हणून. चंद्रकोर, बघा, एकाच दृष्टान्तात कोळी, जाळी, मासे आणि मंदिरही. टोपली आणि वेदी दोन्ही एकाच नदीवर आहेत.

आणि 'वेदीचे नाही, पृथ्वीचे' हा तुमचा आक्षेप मला आता माझ्या बाजूचा वाटायला लागलाय. मीठ अर्पणाला लावतात. शिष्य पृथ्वीचं मीठ असतील तर अर्पण म्हणून देवापुढे काय ठेवलंय? सगळी पृथ्वी. फक्त मंदिरात आणलेलं पीठ-तेल नाही, माणसांचं काम, शेत, समुद्र, सगळं.

चंद्रकोर
यहेज्केलातली जाळी मला आवडली, ती मी घेते. 'सगळी पृथ्वी अर्पण' हा विचार मोठा आहे, त्याला नाही म्हणवत नाही. पण तो मत्तयानं लिहिलाय की तुम्ही, ह्यावर माझी शंका कायम आहे. आणि त्यात कोळी पुन्हा मागे पडतात.

शांतवन
दोघींना विनंती, एकमेकींबरोबर शांतीनं राहा. मार्क ९:५०. :)

साधा_वाचक
मी लूक १४ आज पूर्ण वाचला. तिथे मिठाच्या आधी बुरूज बांधणाऱ्याची गोष्ट आहे, जो आधी बसून खर्चाचा हिशेब करत नाही. मग युद्धाला निघालेला राजा, जो आपलं सैन्य पुरेल का ते बघतो. मग '३३: आपल्या सर्वस्वाचा त्याग करत नाही त्याला माझा शिष्य होता येत नाही' आणि लगेच मीठ. मत्तयात छळानंतर, मार्कात भांडणानंतर, इथे त्यागानंतर. तिघांनी एकच वाक्य तीन वेगळ्या जागी का ठेवलं?

दीपमाळ
@साधा_वाचक, फार चांगलं वाचन. माझं उत्तर असं: येशू हे वाक्य एकदाच बोलला असेल असं धरायचं कारण नाही, फिरता शिक्षक तेच वाक्य अनेक गावांत बोलतो. आणि प्रत्येक शुभवर्तमानकारानं ते आपल्या मंडळीला जिथे खारटपणा जाण्याची भीती होती तिथे ठेवलं. मत्तयाच्या लोकांना भीती बाहेरच्यांची, मार्काच्या लोकांना आपसातल्या मोठेपणाची. लूकात त्या वेळी येशूबरोबर मोठा जमाव चालला होता (१४:२५). तिथे भीती ही की एवढे सगळे निघाले तर आहेत, पण हिशेब न करता निघालेत. अर्ध्यावर थांबलेला बुरूज आणि बेचव मीठ ही लूकासाठी एकाच माणसाची दोन चित्रं आहेत.

खडूफळा
आणि लूकातल्या त्या मिठाला उकिरड्यावरही जागा नाही हे विसरू नका. मत्तयात निदान तुडवायला तरी उपयोगी पडतं. तिघांत सगळ्यात कडक लूकच आहे.